गिटमधला बग-फिक्स तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्समध्ये काम सुरू करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वतः लिहिलेला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, येतो. दुसऱ्याचा पॅच नीट तपासून देणं हेही तितकंच मोलाचं काम आहे, आणि गिटसारख्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) प्रकल्पात नेमकी त्याच कामाला माणसं कमी पडतात. खालचे प्रश्न मला कॉलेजातल्या मुलांनी, नोकरीत नव्याने लागलेल्यांनी आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या मित्रांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. हवेत बोललेलं लक्षात राहत नाही, म्हणून जमेल तिथे एकच खरा बग धरून उत्तरं दिली आहेत.

उदाहरणासाठी घेतलेला बग कोणता?

‘गिट डिफ --स्टॅट’ ही आज्ञा दिली की बदललेल्या प्रत्येक फाइलची एक ओळ येते. आधी नाव, मग उभी रेघ, मग किती ओळी बदलल्या तो आकडा आणि शेवटी अधिक-उण्याच्या खुणा. सगळ्या उभ्या रेघा एकाखाली एक याव्यात म्हणून गिट आधी सर्वांत लांब नावाची रुंदी मोजतं आणि बाकीच्या नावांपुढे रिकाम्या जागा भरतं.

हे मोजमाप कितीतरी वर्षं सी भाषेतल्या स्ट्रलेन या फंक्शनने होत होतं. स्ट्रलेन बाइट मोजतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं आणि पडद्यावर एका रकान्याचं (एका अक्षराच्या जागेचं), त्यामुळे तिथे बाइट मोजले काय आणि रकाने मोजले काय, उत्तर एकच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. काना, मात्रा, उकार, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाचे ३. त्यामुळे मराठी नावाची फाइल आली की रेघा पुढेमागे व्हायच्या. २०२२ मध्ये यावर पॅच आला. त्यात स्ट्रलेनच्या जागी पडद्यावरची रुंदी मोजणारं फंक्शन बसवलं, जे गिटच्या कोडमध्ये आधीपासून होतंच. त्याच वर्षी डिसेंबरात निघालेल्या २.३९ या आवृत्तीत ही दुरुस्ती आहे.

बग लहान आहे, त्याने कोणाचं काम बुडत नाही. पण तपासणीत लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यात सापडतात, आणि तो आपल्या लिपीचा आहे.

मी जुनं गिट घेऊन बघितलं, मला तर बग दिसलाच नाही. असं का?

बहुधा ‘कोअर डॉट कोटपाथ’ या सेटिंगमुळे. हे सेटिंग मुळात चालू असतं आणि तेव्हा गिट इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत तशी छापतच नाही. प्रत्येक बाइटच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि तीन आकडे येतात, पूर्ण नाव अवतरणचिन्हांत अडकतं. ‘ऱ’ एवढ्या एका अक्षराचे तीन गट होतात: ३४०, २४४, २६१. वाचणाऱ्याला नाव कळत नाही, पण ते सगळे आकडे एका बाइटचे असल्यामुळे रेघा मात्र सरळ राहतात. म्हणजे बग झाकला जातो.

हे सेटिंग ‘फॉल्स’ करा. मराठी नावांच्या फाइली असलेल्या प्रत्येकाने ते एकदा करूनच टाकावं, रिव्ह्यू करायचा असो वा नसो.

आणि गिट खरंच जुनं आहे ना, तेही पाहा. सोर्स उतरवून २.३८.० या आवृत्तीचा टॅग निवडायचा, कोडपासून प्रोग्राम बांधणारं ‘मेक’ चालवायचं आणि ‘बिन-रॅपर्स’ या फोल्डरमधलं गिट वापरायचं. इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तुमचं रोजचं गिट जिथल्या तिथे राहतं.

बग स्वतः घडवून पाहायलाच हवा का? पॅच वाचून कळत नाही का?

पाहायलाच हवा. का, ते तीन फाइलींवरून दाखवतो.

एका रिकाम्या रेपोत (गिटच्या ताब्यातल्या फोल्डरात) इंग्रजी अक्षरांतली नेहमीची रीडमी, ‘पुणे’ आणि ‘मराठी’ अशा तीन फाइली करा. सोयीसाठी शेवटचं टिंब आणि एक्स्टेन्शन नको. आता मोजू या.

रीडमी: ६ बाइट, ६ रकाने.
पुणे: १२ बाइट, २ रकाने.
मराठी: १५ बाइट, ५ रकाने.

‘पुणे’ला दोनच रकाने, कारण उकार अक्षराच्या खाली बसतो, मात्रा वर बसते, आणि युनिकोडच्या वर्गवारीनुसार गिट त्या दोघांना शून्य रुंदी देतं. ‘मराठी’मधला काना आणि दीर्घ वेलांटी बाजूला जागा घेतात, म्हणून त्यांना एकेक रकाना.

जुन्या गिटच्या हिशेबाने सर्वांत लांब नाव १५ चं. ‘मराठी’पुढे शून्य जागा भरल्या, रेघ ५ रकान्यांनंतर आली. ‘पुणे’पुढे ३ जागा भरल्या, २ अधिक ३ म्हणजे पुन्हा ५. रीडमीपुढे ९ जागा, तिची रेघ १५ रकान्यांनंतर.

आता नीट बघा. ‘पुणे’ आणि ‘मराठी’ यांच्या रेघा एकाखाली एक आल्या आहेत! केवळ योगायोगाने. मराठी नावं घेऊन तपासलं, सगळं सरळ दिसलं, असं म्हणून त्या दोनच फाइलींवर कोणी थांबला असता, तर बग नाहीच असा शेरा गेला असता. ‘पुणे’च्या जागी ‘कोकण’ घ्या. तेही १२ बाइटचं, पण त्यातला ओकार रकाना घेतो, म्हणून रुंदी ४. मग रेघ ७ वर येते आणि ‘मराठी’शी दोन रकान्यांनी चुकते.

पॅच वाचून हे कळलं नसतं. ‘पुणे’ आणि ‘कोकण’ स्वतः टाइप करून पाहिल्यावरच कळतं.

पॅच हातात आला की पहिल्यांदा काय वाचायचं?

कमिटचा संदेश, म्हणजे नोंदलेल्या बदलासोबतचं टिपण. कोड नंतर.

गिटमध्ये संदेशाची एक शिस्त आहे. पहिल्या ओळीत कोडच्या कोणत्या भागाला हात लावला ते, मग अपूर्णविराम, मग थोडक्यात काय केलं. खाली आज काय चुकतंय ते वर्तमानकाळात सांगायचं, मग का चुकतंय, आणि त्यानंतर काय करायचं ते कोडला आज्ञा द्यावी तशा शब्दांत. शेवटी पाठवणाऱ्याची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती कबुली असते, आणि ती नसेल तर पॅच घेतला जात नाही.

संदेश वाचून झाल्यावर मी कोडवर नजर न टाकता स्वतःला विचारतो: मूळ कारण मला दोन वाक्यांत सांगता येतंय का? येत नसेल तर संदेश अपुरा आहे, आणि तेवढं लिहून पाठवणं हाही पूर्ण रिव्ह्यू आहे. पाच वर्षांनी कोणी ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ कोणत्या बदलातून आली ते दाखवणारी आज्ञा) लावून त्या ओळीपाशी पोहोचेल तेव्हा त्याच्या हाती हा संदेशच असणार आहे.

सोबत आलेली टेस्ट पास झाली. पुरे नाही का?

नाही. टेस्ट पास होणं हा अर्धा पुरावा. उरलेला अर्धा म्हणजे दुरुस्ती काढून घेतली की तीच टेस्ट नापास झाली पाहिजे.

करायला अगदी सोपं आहे. पॅच लावा, मग फक्त सी फाइल आधीच्या कमिटमधल्या रूपात आणा, टेस्टची फाइल नवीच ठेवा. पुन्हा ‘मेक’ चालवा आणि तेवढीच टेस्ट चालवा. तीही पास झाली तर ती टेस्ट दुसरंच काहीतरी तपासते आहे. असं घडतं, आणि अनुभवी माणसांच्या पॅचमध्येही घडतं.

गिटच्या टेस्ट ‘टी’ नावाच्या फोल्डरमध्ये शेल स्क्रिप्ट म्हणून असतात, नावात चार आकडे. पहिला आकडा विषय सांगतो, ४ म्हणजे डिफ. आपल्या उदाहरणातल्या बगची टेस्ट ४०१२ क्रमांकाच्या फाइलमध्ये आहे. टेस्ट चालवताना ‘-व्ही’ दिलं की आतलं सगळं दिसतं, ‘-आय’ दिलं की पहिल्या अपयशाला थांबते.

त्या टेस्टमध्ये फाइलींच्या नावांत डोक्यावर दोन टिंबं असलेलं युरोपीय अक्षर घातलं आहे. ते २ बाइटचं आणि १ रकान्याचं. बग पकडायला ते पुरतं. पण शून्य रकान्याचं चिन्ह, आपला उकार किंवा मात्रा, त्या नावांत नाही. मराठी माणसाने हा पॅच तपासला असता तर पहिला शेरा हाच असता: एका नावात वर-खाली बसणारी खूण घाला. याला सी भाषेचं प्रावीण्य लागत नाही. आपली लिपी माहीत असणं पुरतं, आणि ते ज्ञान त्या चर्चेत सहसा कोणाकडे नसतं.

सी भाषा बेताची येते. तरी मी रिव्ह्यू करू शकते का?

हो, बिनधास्त. आधीच्या तीन उत्तरांत सी किती लागली ते मोजून पाहा. बग घडवून पाहणं, संदेश वाचणं, दुरुस्ती काढून टेस्ट चालवणं. एवढं करून काय केलं, काय दिसलं, कोणत्या मशीनवर, ते लिहिलंत तर मेंटेनरचा, म्हणजे पॅच घ्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याचा, तेवढा वेळ वाचतो.

फक्त न तपासलेल्या भागाबद्दल बोलू नका. ‘डिफचा भाग वाचला, यूटीएफ-८ मोजण्याच्या फंक्शनच्या आत गेले नाही’ असं स्पष्ट लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं उरलेलं कोणी बघायचं ते.

सी येत असेल तर या पॅचमध्ये नेमकं काय बघायचं?

इथे मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण दिसायला हा बदल ‘एक फंक्शन काढून दुसरं टाकलं’ एवढाच वाटतो.

पहिली गोष्ट: प्रिंटएफला, म्हणजे सीमधल्या छापणाऱ्या फंक्शनला, नुसती रुंदी देऊन भागत नाही. प्रिंटएफ स्ट्रिंगची रुंदी स्वतःही बाइटमध्येच मोजतं. मोजणारं फंक्शन बदललं आणि छापणारी ओळ तशीच ठेवली तर बग वेशीवरून मागच्या दाराला आला एवढंच. म्हणून रिकाम्या जागा किती, ते स्वतः काढून वेगळ्या छापाव्या लागतात. पॅचमध्ये तसंच केलं आहे. नाव छापलं, मग रिकामी स्ट्रिंग हव्या त्या रुंदीने छापली.

दुसरी: ती रुंदी उणे आली तर? त्या जागी ‘शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य धर’ अशी तपासणी आहे. घाईत वाचणाऱ्याला ती उगाचची वाटेल. तशी ती नाही. सी भाषेच्या नियमाप्रमाणे प्रिंटएफला उणे रुंदी दिली तर ते उणे चिन्ह ‘डावीकडे लाव’ असा इशारा समजतं आणि तेवढ्याच जागा भरतं. उणे ४ दिले तर ४ जागा छापल्या जातील. म्हणजे जिथे एकही जागा नको तिथे चार.

तिसरी, संख्येच्या जातीचा (डेटा टाइपचा) प्रश्न. स्ट्रलेन ‘साइझ-टी’ देतं, ज्यात उणे संख्या मावतच नाही. रुंदी मोजणारं गिटचं फंक्शन साधा ‘इंट’ देतं. दोन्हींची वजाबाकी किंवा तुलना जिथे जिथे होते ती प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचा. हा माझा चिकित्सकपणा नाही. जानेवारी २०२३ मध्ये निघालेल्या २.३९.१ ने एक गंभीर सुरक्षा-दोष बंद केला. तो ‘गिट लॉग’चा मजकूर ठरावीक रुंदीत बसवणाऱ्या, जागा भरणाऱ्या कोडमध्येच होता. साइझ-टी मध्ये असलेली लांबी तिथे इंटमध्ये ठेवली जात होती, आणि तोच आकडा पुढे मेमरीत कुठे लिहायचं ते ठरवत होता. प्रचंड मोठा आकडा घातला की लिखाण भलत्याच जागी. रकाने मोजणं हे सजावटीचं काम वाटतं, पण त्यातल्या एका चुकीच्या जातीने इतकं मोठं भोक पडलं होतं.

चौथी गोष्ट पुढच्या प्रश्नात येते आहे.

दुरुस्ती अर्धवट वाटली तर अडवून धरायची का?

याच पॅचचं बघा. नाव फारच लांब असेल तर गिट सुरुवातीचा भाग कापून तिथे तीन टिंबं लावतं. किती कापायचं ते आता रकान्यांत काढलं जात होतं, पण कापणं मात्र तितके बाइट पुढे सरकून होत होतं. इंग्रजीत फरक पडत नाही. मराठीत १० रकाने कमी करायचे म्हणून १० बाइट सरकलं तर जेमतेम तीन चिन्हं कापली जातात, आणि चौथं मधोमध तुटतं. १० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून. पुढे तिरकी रेघ सापडली तर गिट नाव तिथून धरतं आणि तुटलेलं अक्षर निसटून जातं. नाही सापडली तर पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो.

ही गोष्ट तेव्हा नजरेतून सुटली नव्हती. पॅच घेतला गेला आणि त्याच फंक्शनमध्ये ‘इथे काम बाकी आहे’ अशा टिपा लागलीच घालण्यात आल्या. एक या कापण्याबद्दल, दुसरी ओळीच्या आधी येणाऱ्या रंगीत ग्राफच्या रुंदीबद्दल.

मला हा निर्णय योग्य वाटतो. रेघा सरळ करण्याचा भाग स्वतःपुरता पूर्ण होता, त्याने आधीपेक्षा काही बिघडत नव्हतं, आणि उरलेलं काम कोडमध्येच लिहून ठेवलं गेलं. अडवून धरायचं ते पॅच एक दुरुस्त करताना दुसरं मोडत असेल तेव्हा, किंवा संदेशात ‘सगळं दुरुस्त केलं’ म्हटलं असेल आणि तसं नसेल तेव्हा.

लांब नावाची ही तपासणी तुम्हाला करायची असेल तर ‘--स्टॅट-नेम-विड्थ’ला १० सारखी छोटी संख्या द्या. खूप लांब नावं बनवत बसावं लागत नाही.

नवं गिट आहे, कोटपाथही बंद आहे, तरी माझ्या टर्मिनलवर मराठी नावांच्या रेघा थोड्या हलतात. बग परत आला का?

बहुतेक वेळा नाही. गिट युनिकोडच्या तक्त्यावरून रुंदी ठरवतं, आणि टर्मिनल फॉन्टवरून अक्षर काढतं. ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर गिटच्या हिशेबाने तीन रकान्यांचं. एखादं टर्मिनल ते जुळवून दोनात बसवतं, दुसरं पाय मोडून तीन अक्षरं वेगवेगळी दाखवतं. दोघांचं गणित जुळलं नाही की रेघ हलते. शेरा लिहिण्याआधी तीच आज्ञा दोन वेगळ्या टर्मिनलवर चालवा. दोन्हीकडे वेगवेगळी चूक दिसली तर गिटला दोष देऊ नका.

सहकाऱ्याच्या मॅकवर ‘दुसऱ्या’ नावाची एकच फाइल एकदा डिलीट झालेली आणि एकदा नवी दिसायची. हाही रुंदीचाच बग का?

नाही, पण याच घराण्यातला आहे, आणि मराठीला तो इतर भाषांपेक्षा जास्त लागतो.

आपला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अखंड चिन्ह, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी फोड. युनिकोड दोन्ही एकच मानतं. गिटच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ, तिथे हे दोन वेगळे. ‘दुसऱ्या’ अखंड रूपात २१ बाइटचं, फोडलेल्या रूपात २४ चं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी आणि रुंदीही सारखीच, कारण नुक्त्याला शून्य रकाने.

मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं फोडून साठवायची. लिनक्सवरून अखंड ‘ऱ’ कमिट केला आणि मॅकवर क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली), की गिटला वाटायचं, मूळ फाइल गेली आणि भलतीच एक उगवली. फ्रेंच, जर्मन नावांनाही हाच त्रास होता. २०१२ मध्ये १.७.१२ या आवृत्तीत ‘कोअर डॉट प्रीकंपोजयुनिकोड’ हे सेटिंग आलं. ते चालू असलं की मॅकवरून आलेलं फोडलेलं नाव गिट पुन्हा जोडून घेतं.

मात्र अशा दुरुस्तीचा रिव्ह्यू करताना आपल्याला आणखी एक गोष्ट विचारता येते. जुन्या पद्धतीने टाइप करणारे लोक ‘ऱ्या’साठी साधा ‘र’, पायमोडी खूण आणि मग न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. दिसायला तेच. पण युनिकोड या रूपाला आधीच्या दोघांशी समान मानत नाही, त्यामुळे जोडून घेणारं सेटिंग त्याला हातही लावत नाही. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ ही नावं टेस्टमध्ये सुचवण्यासारखी आहेत. माझ्या स्वतःच्या एका छोट्या प्रकल्पात दोन जणांनी दोन कीबोर्डवरून ‘पायऱ्या’ असं फोल्डर केलं होतं, आणि एका रेपोत दोन ‘पायऱ्या’ शेजारी-शेजारी बसल्या होत्या. कुठला भाग कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली.

दुरुस्तीमुळे दुसऱ्याचं काही मोडणार नाही, हे कसं ओळखायचं?

पूर्ण ओळखता येत नाही, पण एक प्रश्न विचारता येतो: जे आजपर्यंत चालत होतं आणि उद्यापासून चालणार नाही, असं काय आहे? त्यावर कोण विसंबून आहे?

मे २०२४ मध्ये २.४५.१ ही सुरक्षेची आवृत्ती निघाली. नेमक्या दोषांच्या दुरुस्त्यांबरोबर त्यात जास्तीच्या खबरदारीचे काही बदल होते. एक बदल क्लोन चालू असताना हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) चालू नयेत म्हणून होता. गिट एलएफएस आणि गिट ॲनेक्स ही मोठ्या फाइलींसाठीची साधनं वापरणाऱ्यांची नेहमीची कामं त्या बदलांनी अडली. त्याच महिन्याच्या अखेरीला २.४५.२ काढून ते जास्तीचे बदल मागे घ्यावे लागले, आणि ते बदल गरजेपेक्षा जास्त आक्रमक होते असं प्रकल्पाने आपल्या नोट्समध्ये लिहिलं. मुळातल्या सुरक्षा-दुरुस्त्या तशाच राहिल्या.

त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरात गिटने काम नाकारायला सुरुवात केली. कारण रास्त होतं. पण कंटेनर आणि सामाईक सर्व्हर वापरणाऱ्यांची कितीतरी कामं बंद पडली. दोनच दिवसांनी आलेल्या २.३५.३ मध्ये ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ला तारा-चिन्ह देऊन ही तपासणी बंद करण्याची सोय झाली.

दोन्ही वेळा घाई होती, आणि गुप्ततेमुळे पॅच पाहणारे डोळे मोजके होते. उघड रिव्ह्यूमध्ये वेगवेगळ्या मशीनवरची, वेगवेगळ्या भाषांतली, वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं असतात. त्यांच्यातलाच कोणीतरी ‘आमच्याकडे हे असं वापरतात’ असं सांगू शकतो.

बग सुरक्षेशी संबंधित असेल तर?

उघड्यावर एक शब्दही लिहू नका. गिटची सुरक्षेसाठी वेगळी, खासगी मेल-यादी आहे, तिथे कळवायचं. उघड चर्चेतला एखादा पॅच तपासताना ‘यातून दुसऱ्याच्या मशीनवर काही चालवता येईल’ असं वाटलं, तरी तेच करायचं.

पॅच कोणत्या ब्रँचवर बेतलेला असावा?

हा बग ज्या सर्वांत जुन्या ब्रँचमध्ये आहे तिच्यावर. बग-फिक्ससाठी सहसा ‘मेंट’, म्हणजे निघालेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांची ब्रँच. तसं केलं की दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही नेता येते आणि तिथून वर ‘मास्टर’मध्येही. ‘नेक्स्ट’ किंवा ‘सीन’ या अजून पक्क्या न झालेल्या कामाच्या ब्रँचवर बेतलेला पॅच आला तर त्याच्यासोबत इतरांचं कच्चं काम ओढलं जातं, तेव्हा पहिल्या शेऱ्यातच सांगा.

शेरा लिहायचा कसा?

गिटमध्ये पॅच ईमेलने येतो. गिटहबवरून पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांसाठी गिटगिटगॅजेट आहे, ते तिचं मेलमध्ये रूपांतर करतं. उत्तर देताना संबंधित ओळ उद्धृत करून तिच्याखाली शेरा लिहायचा, बाकीचा मजकूर छाटायचा. इंग्रजी साधी असली तरी चालते. मी अजूनही आधी मराठीत विचार जुळवतो आणि मग छोट्या वाक्यांत लिहितो.

किरकोळ गोष्ट असेल तर ती किरकोळ आहे असं म्हणा, नाहीतर नवखा माणूस एका स्पेससाठी सगळा पॅच पुन्हा लिहितो. काही आवडलं असेल तर तेही लिहा, कारणासकट. आणि कारण न देता ‘हे असं नको’ म्हणू नका.

शेवटी द्यायच्या ओळींचे अर्थ ठरलेले आहेत. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे मी पॅच लावला, चालवला, अपेक्षित परिणाम दिसला. ‘ॲक्ड-बाय’ म्हणजे या भागाची मला चांगली ओळख आहे आणि मला हे पटलं. ‘रिव्ह्यूड-बाय’ फार विचार करून द्यायची ओळ आहे. सविस्तर तपासणीनंतर पूर्ण समाधान झालं तरच, आणि ती तपासणाऱ्याने स्वतःच द्यायची असते, पॅच पाठवणाऱ्याने परस्पर लावायची नसते.

दुसरी आवृत्ती आली. पुन्हा पहिल्यापासून वाचू?

नको. ‘गिट रेंज-डिफ’ वापरा. पॅचमालिकेच्या दोन आवृत्त्यांमध्ये नेमकं काय बदललं, संदेशातल्या बदलांसकट, ते दिसतं. तुमच्या प्रत्येक शेऱ्याचं काय झालं ते एकेक करून तपासा. लेखकाने एखादा शेरा मानला नसेल आणि कारण दिलं असेल, तर ते कारण खरंच वाचा. दुरुस्तीला नवी टेस्ट जोडली असेल तर दुरुस्ती काढून चालवण्याचा प्रयोग पुन्हा करायचा.

पॅच स्वीकारला गेला, हे कसं कळतं?

‘छान आहे’ असं उत्तर आलं म्हणून तो आत गेला असं होत नाही. ज्युनियो हमानो जुलै २००५ पासून गिटचे मेंटेनर आहेत. ‘व्हॉट्स कुकिंग’ नावाच्या मेलमध्ये ते चालू असलेल्या प्रत्येक विषयाची स्थिती नियमितपणे कळवतात. पॅच आधी ‘सीन’मध्ये येतो, म्हणजे फक्त नोंद झाली. ‘नेक्स्ट’मध्ये गेला की तो बऱ्यापैकी पक्का समजायचा. तिथे काही काळ लोकांनी वापरल्यावर ‘मास्टर’, आणि मग रिलीज.

एखाद्या विषयापुढे ‘रिव्ह्यू हवा’ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, तिथे कोणीतरी आपल्या उत्तराची वाट बघतंय. मी यादी उघडतो तेव्हा आधी तेच शब्द शोधतो, आणि मग त्यातलं डिफ, फाइलींची नावं किंवा यूटीएफ-८ असलेलं काही आहे का ते बघतो.